फॉरमॅट मारण्याआधी

“फॉरमॅट मारावा लागेल.” घरच्या कॉम्प्युटरला ब्लू स्क्रीन येऊ लागली की हे वाक्य कुठून ना कुठून कानावर येतंच. दुरुस्तीवाल्याकडून, शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाकडून, नाहीतर फोनवरच्या भाच्याकडून. मग फोटो पेनड्राइव्हवर उतरवले जातात, विंडोज नव्याने टाकलं जातं, प्रिंटर परत जोडण्यात अर्धा रविवार जातो, मराठी टायपिंगचा कीबोर्ड पुन्हा बसवावा लागतो. आठ-दहा दिवस सगळं झकास चालतं. अकराव्या दिवशी बँकेचं स्टेटमेंट उघडलेलं असताना स्क्रीन पुन्हा निळी.

असं झालं असेल तर त्या फॉरमॅटने एवढं तरी कळलं, की दोष विंडोजच्या मूळ फायलींत नसावा. तो एखाद्या ड्रायव्हरमध्ये असेल किंवा थेट यंत्राच्या पोटात. पण एवढं कळायला पडलेली किंमत फार झाली. फॉरमॅटबरोबर आधीच्या प्रत्येक क्रॅशची नोंदही पुसली गेली, आणि वारंवार येणाऱ्या ब्लू स्क्रीनचा माग काढायला नेमक्या त्याच नोंदी लागतात.

वर्ड किंवा क्रोम बंद पडलं तर तेवढंच बंद पडतं, बाकीचा कॉम्प्युटर चालू राहतो. कारण अशी ॲपं वाड्यातल्या भाडेकरूंसारखी आपापल्या खोलीत राहतात. ड्रायव्हरच्या हाती मात्र मीटरच्या खोलीची किल्ली असते. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, वाय-फायचा ड्रायव्हर, बऱ्याचशा अँटिव्हायरसचा काही भाग हे सगळं विंडोजच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये चालतं. तिथे एखाद्याने भलत्याच तारेला हात लावला किंवा रॅममध्ये ठेवलेलं परत मागितल्यावर वेगळंच हाती आलं, तर तसंच पुढे रेटण्यात धोका असतो. कचरा डिस्कवर लिहिला गेला तर फायलीच जातील. म्हणून विंडोज स्वतःच सगळं थांबवतं, मेमरीत त्या क्षणी काय होतं त्याची नक्कल डिस्कवर टाकतं आणि मशीन रीस्टार्ट करतं. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत याला ‘बग चेक’ म्हणतात.

किल्ली चुकीच्या हाती पडल्यावर काय होतं, ते १९ जुलै २०२४ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या ‘फाल्कन’ या सुरक्षा सॉफ्टवेअरला एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोलमडली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशीचा उपाय मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेफ मोडमध्ये जायचं, सदोष अपडेटची ती एक फाईल उडवायची, मशीन परत सुरू करायचं. ब्लू स्क्रीनच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या गोंधळावरही फॉरमॅट हा उपाय नव्हता. अनेक ठिकाणी लोक अडले ते वेगळ्याच गोष्टीवर. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती आणि तिची रिकव्हरी की कुणालाच सापडेना. घरच्या लॅपटॉपवरही अनेकदा हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेलं असतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करून ती ४८ आकडी की आजच कागदावर उतरवून ठेवावी. पुढचं बाकीचं सगळं त्यानंतर.

आता क्रॅशच्या नोंदींसाठी वही. खरोखरची, कागदाची, कारण ज्या मशीनची तक्रार लिहायची त्याच मशीनवर ती लिहिण्यात अर्थ नाही. पण त्याआधी एक सेटिंग बदलावं लागतं. ब्लू स्क्रीन येते आणि वाचायच्या आत मशीन रीस्टार्ट होतं, ही सर्रास तक्रार असते. सर्चमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधावं, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मध्ये जावं आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’समोरची खूण काढावी. आता स्क्रीन हलणार नाही. मोबाइलने फोटो काढावा, पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करावं आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात: तारीख आणि वेळ, स्क्रीनवरचा स्टॉप कोड, खाली फाईलचं नाव दिसलं असल्यास ते, आणि त्या वेळी मशीनवर काय चाललं होतं. चौथी नोंद लोक टाळतात. पण ‘काहीच नाही, नुसता चालू होता’ हीसुद्धा नोंदच आहे, आणि कधी कधी सगळ्यात बोलकी.

स्क्रीन निळी नसली तरी गोंधळून जाऊ नये. विंडोज एनटीची निळी स्क्रीन जॉन व्हर्ट यांनी लिहिली तेव्हा त्यांचं मशीन आणि त्यांचा एडिटर दोन्ही निळ्यावर पांढरी अक्षरं दाखवत, म्हणून तोच रंग आला. यापलीकडे निळ्याला काही गूढ अर्थ नव्हता. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११साठी ती काळी करून टाकली. रडका चेहरा आणि क्यूआर कोडही गेला, पण स्टॉप कोड राहिला. एक मात्र पक्कं: खऱ्या स्क्रीनवर फोन नंबर कधीच नसतो. ‘या नंबरवर लगेच फोन करा’ असं लिहून कर्णा वाजवणारी निळी स्क्रीन म्हणजे ब्राउझरमध्ये उघडलेलं फसवणुकीचं पान. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करावा. फोन करून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब कळवावं.

वही ठेवलीच नसेल तरी सगळं हरवलेलं नसतं. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ टाइप केलं की एक तक्ता उघडतो. दिवसागणिक रकाने, बिघाडाच्या दिवशी लाल फुली, आणि खाली त्या दिवशी कोणतं अपडेट आलं, काय इन्स्टॉल झालं ते. पहिली लाल फुली कोणत्या दिवशी पडली आणि तिच्या आदल्या दिवशी काय बदललं, एवढं पाहायला पाच मिनिटं लागतात. निम्मी प्रकरणं इथेच उलगडतात असं म्हणण्याचा मोह होतो. पण तक्ता खोटी आशाही दाखवतो, कारण विंडोजची अपडेट्स अधूनमधून येतच असतात आणि फुलीच्या शेजारी सापडलेलं प्रत्येक अपडेट गुन्हेगार नसतं.

आता वहीचं पान वाचायचं कसं? समजा, एका पानावर दहा दिवसांत पाच नोंदी आहेत. सोमवारी ‘मेमरी मॅनेजमेंट’, बुधवारी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, शुक्रवारी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, मग आणखी दोन वेगळेच. कधी यूट्यूब चालू होतं, कधी झिप फाईल उघडताना, कधी नुसतं बसलेलं असताना. कोडही वेगळा, वेळही वेगळी, कामही वेगळं. नवखा माणूस म्हणेल, पाच वेगवेगळे रोग झालेत. जाणता दुरुस्तीवाला हे पान पाहून थेट रॅमकडे बोट दाखवेल. रॅमच्या ज्या घरात खोट आहे तिथे कधी फोटो येऊन बसतो, कधी ड्रायव्हरचा तुकडा, कधी विंडोजची स्वतःची हिशेबवही. ज्याच्या वाट्याला ते घर येतं, तो बळी पडतो.

दुसऱ्या पानावर सहाही वेळा एकच कोड, ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’, आणि सहाही वेळा मुलगा गेम खेळत होता. इथे ग्राफिक्सचा ड्रायव्हर, नाहीतर उष्णता. तिसऱ्या पानावर ‘कर्नेल डेटा इनपेज एरर’, आणि त्याआधी दर वेळी मशीन मिनिटभर गोठल्याची नोंद. म्हणजे विंडोजने डिस्ककडून काहीतरी मागितलं आणि ते आलंच नाही. हे तिसरं पान ज्याच्या वहीत असेल त्याने लेख इथेच बाजूला ठेवून फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. मरायला टेकलेल्या डिस्कवर ‘चेकडिस्क’ चालवणं म्हणजे आजाऱ्याला जिने चढायला लावणं. आधी नक्कल, मग तपासणी.

पुन्हा पहिल्या पानाकडे, कारण रॅमचा उपाय घरच्या घरी करता येतो आणि तो करताना चुकाही बऱ्याच होतात. डेस्कटॉप असेल तर मशीन बंद करावं, मागची वायर काढावी, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरावं म्हणजे उरलासुरला करंट निघून जातो. बाजूचा पत्रा उघडल्यावर कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावावा. अंगावरची स्थिर वीज तिथे उतरते. रॅमच्या टोकाची क्लिप बाहेर ढकलली की पट्टी वर येते. खालच्या कडेला सोनेरी दातांची रांग दिसेल. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, या दातांवर कधी कधी मळकट छटा येते. त्यावर पांढरं, मऊ खोडरबर अगदी हलक्या हाताने एका दिशेत फिरवायचं. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. भांडी घासल्यासारखं घासलं तर तोच निघून येतो. खोडरबराचा भुगा मऊ ब्रशने झटकायचा, तोही मदरबोर्डपासून लांब. पट्टी परत बसवताना ‘टक’ असा आवाज येईपर्यंत दाबायची. पट्टी नीट न बसल्याने मशीन सुरू झालं नाही, की ‘रॅम गेली’ असं समजून नवी विकत घेणारे कमी नाहीत.

तरीही क्रॅश थांबले नाहीत तर परीक्षा घ्यावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नॉस्टिक’ आहेच, पण ती मोठ्या भोकांची चाळण आहे. तिच्यातून पास झालेली रॅम निर्दोष असेलच असं नाही. ‘मेमटेस्ट८६’ पेनड्राइव्हवर टाकून त्यावरून मशीन सुरू करावं आणि रात्रभर चालू द्यावं. सकाळी लाल ओळ एक जरी दिसली तरी रॅम नापास. इथे ‘फक्त एकच एरर आहे’ असं म्हणून सोडून देता येत नाही. दोन पट्ट्या असतील तर एक काढून दुसरी तपासावी, मग उलट. मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बायॉसमध्ये ‘एक्सएमपी’ चालू असेल तर ते बंद करूनही पाहावं. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग बहुधा या सेटिंगने मिळतो आणि काही मशीनना तो झेपत नाही. लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते. तिथे परीक्षा घेता येते, पट्टी काढता येत नाही.

डिस्कसाठी ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे फुकटचं साधन पुरेसं आहे. निळा ‘गुड’ दिसला तर ठीक, पिवळा ‘कॉशन’ दिसला तर बॅकअपची घाई. ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा वाढत असेल तर डिस्क खराब होत चालली आहे. पण ‘सीआरसी एरर काउंट’ वाढत असेल तर डिस्क बदलण्याआधी तिची साटा केबल बदलून पाहावी. ती अगदी स्वस्तात मिळते.

ड्रायव्हरचा संशय असेल तर क्रॅशच्या वेळी डिस्कवर टाकलेली ती नक्कल कामी येते. सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात ‘मिनीडम्प’ नावाचं फोल्डर असतं. मशीन ‘साफ’ करणारी ॲपं हेच फोल्डर कचरा समजून रिकामं करतात, म्हणून तपास चालू असेपर्यंत ती चालवू नयेत. ‘ब्लूस्क्रीनव्ह्यू’ हे छोटं साधन या फायली उघडून कोणत्या ड्रायव्हरचं नाव येतं ते दाखवतं. ‘एनव्ही’ने सुरू होणारं लांबलचक नाव बहुधा एनव्हिडियाचं, ‘आरटी’ने सुरू होणारं बऱ्याचदा रिअलटेकचं. आणि जवळपास प्रत्येकाच्या यादीत एक नाव असतंच: ‘एनटीओएसकर्नल’. ते विंडोजच्या कर्नेलचंच नाव. ते दिसलं म्हणून विंडोजला आरोपी करणं म्हणजे पोलीस चौकीत तक्रार लिहायला आलेल्यालाच आत टाकण्यासारखं आहे. त्याच्याखालचं, मायक्रोसॉफ्टचं नसलेलं नाव शोधावं.

नाव सापडलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणावर जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’. बटण धूसर असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून, तिथला ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट’ म्हणणाऱ्या ॲपांपासून लांब राहावं. अशा ॲपने एका दिवसात बारा ड्रायव्हर बदलले तर उद्याची ब्लू स्क्रीन कोणामुळे आली, ते शोधायचं कसं? एका वेळी एक बदल, तो वहीत, आणि मग तीन-चार दिवस वाट. नवीन काही जोडलं असेल, वेबकॅम, यूएसबी हब, जुना स्कॅनर, तर तेही काढून पाहावं. २० एप्रिल १९९८ला शिकागोत बिल गेट्स यांच्यासमोर, भर कार्यक्रमात विंडोज ९८चं प्रात्यक्षिक चालू असताना ब्लू स्क्रीन आली, ती स्कॅनर जोडल्यावरच. स्कॅनर जोडणारे ख्रिस कापोसेला पुढे मायक्रोसॉफ्टच्या मार्केटिंगचे प्रमुख झाले, त्यामुळे घरात हब जोडणाऱ्याला फार बोलू नये.

मशीन सुरू होता होताच कोसळत असेल, तर विंडोज चालू होत असताना पॉवर बटण दाबून धरून ते बंद करावं. असं दोन-तीन वेळा झालं की दुरुस्तीचा मेनू आपोआप येतो; तिथून ‘ट्रबलशूट’मार्गे सेफ मोड. जुन्या मंडळींच्या बोटांत बसलेली एफ८ची सवय आता सहसा उपयोगी पडत नाही. सेफ मोडमध्ये विंडोज अगदी मोजके ड्रायव्हर घेऊन चालतं. तिथे दोन तास नीट चाललं आणि एरवी वीस मिनिटांत पडत असेल, तर संशय बाहेरून आलेल्या ड्रायव्हरवर. सेफ मोडमध्येही पडत असेल तर संशय यंत्रावर.

विंडोजच्या स्वतःच्या फायली तपासायच्या असतील तर ‘डीआयएसएम’ची दुरुस्ती आधी आणि ‘एसएफसी स्कॅननाऊ’ नंतर. पहिली आज्ञा दुरुस्तीचा साठा नीट करते, दुसरी त्या साठ्यातून फायली बदलते. हा क्रम लोक हटकून उलटा करतात.

उरतात वीज आणि उष्णता. ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ हा कोड म्हणजे प्रोसेसरने स्वतःच हार्डवेअरच्या चुकीची तक्रार केली. पंख्यावर साचलेली धूळ, वाळून गेलेली थर्मल पेस्ट, गादीवर ठेवून चालवलेला लॅपटॉप हे नेहमीचे. ब्लू स्क्रीन न येता मशीन झपकन बंद होत असेल तर एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, आणि घरची वायरिंग पाहावी. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नेल-पॉवर ४१’ ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस बदलतात. तिचा अर्थ फक्त ‘मशीन नीट बंद झालं नव्हतं’ एवढाच. वहीतली वेळ इथे कामाला येते. संध्याकाळी सातच्या सुमारासच मशीन पडत असेल आणि त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर गणपतीची रोषणाई, मिक्सर नि मोबाइलचे तीन चार्जर असतील, तर आठवडाभर कॉम्प्युटर वेगळ्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर लावून पाहायला खर्च येत नाही.

कधी दोष खुद्द प्रोसेसरमध्येही असतो. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे हळूहळू खराब होत होते, हे २०२४मध्ये कंपनीने मान्य केलं आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गंमत अशी की अनेकांना आधी गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश दिसे आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलून मोकळे होत. बायॉसच्या नव्या अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही. असा प्रोसेसर बदलूनच घ्यावा लागतो. बायॉस अपडेट करताना लाइट जाणार नाही याची खात्री हवी आणि बिटलॉकरची, सुरुवातीला उतरवलेली ती ४८ आकडी की हाताशी हवी.

या सगळ्यात रॅम पास, डिस्क पास, ड्रायव्हर बदलून झालेले, गरमी नाही, आणि तरी स्क्रीन येतच असेल, तर फॉरमॅट जरूर मारावा. तेव्हा तो औषध म्हणून नव्हे, तर तपासणी म्हणून. नुसतं विंडोज आणि त्याने स्वतः आणलेले ड्रायव्हर, एवढ्यावर दोन दिवस चालवावं, मग एकेक ॲप परत आणावं. विंडोज १०ला १४ ऑक्टोबर २०२५पासून नेहमीची अपडेट्स बंद झाली आहेत, तेव्हा एवढी खटपट करायचीच तर मशीन विंडोज ११ला चालतंय का तेही त्याच वेळी पाहून घ्यावं.

दुकानात न्यायची वेळ आली, मग ते पुण्याची तपकीर गल्ली असो, मुंबईचा लॅमिंग्टन रोड की गावातलं एकमेव दुकान, तर मशीनबरोबर वही आणि मोबाइलमधले फोटो न्यावेत. ‘सारखा बंद पडतो’ म्हटलं की उत्तर ठरलेलंच येतं. ‘पंधरा दिवसांत पाच वेगळे कोड, मेमटेस्टमध्ये दुसऱ्या पट्टीवर एरर, पहिली पट्टी एकटी लावली तर चार दिवस शांत’ म्हटलं की समोरचा माणूस ड्रॉवरमधून दुसरी पट्टी काढतो. घरी न होणारी गोष्ट दुकानात सहज होते: चालू असल्याची खात्री असलेली रॅम किंवा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणं. तेवढंच मागावं. बदललेला जुना भाग परत घ्यावा, कारण बऱ्याच कंपन्यांच्या रॅमला लांब मुदतीची वॉरंटी असते आणि ती मिळवायला पट्टीवरचा स्टिकर शाबूत लागतो. बिल वहीच्या त्याच पानाला स्टेपल करावं.